दुसऱ्याच्या घरात चालणारी डिस्क

गिऱ्हाईक डिस्क परत घेऊन येते तेव्हा त्याचे वाक्य ठरलेले असते, "आमच्याकडे ही चालत नाही." दुकानदाराचे उत्तरही ठरलेले असते, "आमच्याकडे तर चालते." दोघेही खरे बोलत असतात. चिपळुणात लग्नाचे शूटिंग आणि मिक्सिंग करण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. त्या काळात हा संवाद इतक्यांदा झाला की ही पुस्तिका लिहायला बसल्यावर सुरुवात कुठून करायची, हा प्रश्नच पडला नाही.

मे २००६ मधली गोष्ट आहे. गुहागर तालुक्यातल्या एका लग्नाच्या बारा डीव्हीडी आम्ही करून दिल्या. आठ दिवसांनी वधूचे वडील एक डिस्क घेऊन दुकानात आले. मी ती संगणकात घातली, चालली. "प्लेअरची लेन्स साफ करून घ्या," असे सांगून मी त्यांना परत पाठवले. पुढच्या आठवड्यात ते पुन्हा आले. "अहो, लेन्स साफ करून आणली. बाकीच्या डिस्क चालतात. तुम्ही एकदा घरी येऊन बघा." आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच मला जावे लागले.

घरात टीव्हीच्या खाली, क्रोशाच्या रुमालाखाली, चार-पाच वर्षे वापरलेला प्लेअर होता. डिस्क लागली. हळद, सीमांतपूजन, सगळे स्वच्छ. शेवटच्या मंगलाष्टकानंतर अक्षता पडल्या आणि पडद्यावर चौकोन चौकोन उमटले, दोन सेकंदांत गेले. जेवणाच्या पंगती नीट दिसल्या. पाठवणीला मुलगी आईच्या गळ्यात पडली आणि चित्र तिथेच थांबले. पुढे करून बघितले, मागे करून बघितले; प्लेअर आतल्या आत खरखरत राहिला आणि शेवटी 'नो डिस्क' दाखवू लागला. मुलीची आजी समोर बसली होती. गुडघ्यांमुळे तिला हॉलवर जाता आले नव्हते. तिने तीन आठवडे या डिस्कची वाट पाहिली होती आणि तिला नेमकी पाठवणी बघायची होती.

त्या दिवशी परत येताना एक गोष्ट पक्की कळली. जी डिस्क जिथे बनली तिथेच चालते, तिने काहीही सिद्ध केलेले नसते. आपला ड्राइव्ह नवा असतो, तिला लिहिणारा लेसर आणि वाचणारा लेसर एकच असतो. डिस्क बनवायची असते ती दुसऱ्याच्या घरातल्या, थकलेल्या लेन्सच्या, धूळ खाल्लेल्या, कुठल्या कंपनीचा हे आपल्याला ठाऊकही नसलेल्या प्लेअरसाठी. या पुस्तिकेत पुढे जे काही सांगितले आहे, ते सगळे या एका गोष्टीतून निघाले आहे.

त्या लग्नाच्या डिस्कचे काय चुकले होते, हे कळायला मला पुढे वर्षभर लागले. चूक एक नव्हती. स्वस्त ब्लँक, काठोकाठ भरलेली डिस्क, घाईचा वेग, वर चिकटवलेले कागदी लेबल आणि अक्षतांच्या वेळी मोकाट सुटलेला बिटरेट. यातली एकेक चूक प्लेअरने पोटात घातली असती. पाचही एकत्र आल्यावर त्याच्याकडे काही उरले नाही.

हे 'उरणे' म्हणजे काय, ते समजून घेतले तर बाकीची पुस्तिका सोपी जाईल.

डीव्हीडी ही १२ सेंटिमीटर व्यासाची, १.२ मिलिमीटर जाडीची चकती. प्रत्यक्षात ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या असतात आणि माहिती त्या दोहोंच्या मध्ये असते. ती एका सर्पिल रेघेवर असते. रेघ मध्यापासून सुरू होते आणि कडेकडे जाते. दोन वेढ्यांमधले अंतर ०.७४ मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या एका केसाच्या जाडीत शंभराच्या आसपास वेढे बसतात. पूर्ण भरलेल्या डिस्कवरची रेघ उलगडून सरळ धरली तर ती जवळपास १२ किलोमीटर भरेल. प्लेअरची लेन्स ही रेघ ६५० नॅनोमीटरच्या लाल लेसरने वाचते, तेही चकती फिरत असताना. सुरुवातीला मिनिटाला सुमारे १४०० फेऱ्या, कडेला पोहोचेपर्यंत त्या ६०० च्या खाली येतात. चकती किंचित डगमगते, किंचित वाकडी असते, आणि लेन्सला तेवढ्या हालचालीत त्या रेघेवरून घसरायचे नसते.

बाजारात मिळणारी सिनेमाची डीव्हीडी साच्यातून दाबून काढलेली असते. तिच्यावर खरेखुरे खड्डे असतात. आपण राइट करतो त्या डिस्कमध्ये खड्डे नसतात. तिच्यात रंगद्रव्याचा एक पातळ थर असतो, रायटरचा लेसर तो थर जागोजागी तापवतो आणि तिथे डाग पडतो. प्लेअर त्या डागालाच खड्डा समजतो. तिथे खड्डे, इथे डाग. डागाच्या कडा किती स्वच्छ उमटल्या, यावर सगळे अवलंबून असते.

कडा कधीच पूर्ण स्वच्छ नसतात. डीव्हीडी ज्यांनी तयार केली त्यांना हे ठाऊक होते, म्हणून त्यांनी प्रत्येक ३२ किलोबाइटच्या तुकड्यासोबत दुरुस्तीसाठी जादा माहिती लिहायची सोय केली. वाचताना चुका झाल्या तर प्लेअर त्या जादा माहितीवरून मूळ मजकूर परत मिळवतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. पण दुरुस्तीला मर्यादा आहे. मानकाप्रमाणे लागोपाठच्या आठ तुकड्यांत पहिल्या पातळीच्या चुका २८० च्या वर जाता कामा नयेत. चांगल्या डिस्कवर त्या दहा-वीस असतात, वाईट डिस्कवर दोनशे. दोन्ही डिस्क पडद्यावर सारख्याच सुंदर दिसतात.

व्हीएचएस कॅसेट आणि डीव्हीडी यांतला खरा फरक इथे आहे. कॅसेट हळूहळू खराब होते. आधी रंग फिके पडतात, मग रेघा येतात, मग आवाज घोगरा होतो, आणि आपण सावध होतो. डिस्क शेवटच्या क्षणापर्यंत नव्यासारखी दिसते आणि मग एकदम अडकते. दुरुस्तीची शिल्लक किती उरली आहे, हे ती बाहेरून दाखवत नाही. आपण घाईने, स्वस्तात राइट केले की ती शिल्लक दुकानातच संपते. गिऱ्हाइकाच्या प्लेअरची कमजोर लेन्स, मुलाच्या बोटांचे ठसे, कव्हरात घालताना उठलेला ओरखडा, यांच्यासाठी काही उरत नाही. विश्वासाची डिस्क म्हणजे शिल्लक राखून बनवलेली डिस्क, एवढी साधी व्याख्या मी करतो.

ब्लँकपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त माती तिथेच खाल्ली जाते. २००६ साली मी मुंबईच्या घाऊक बाजारातून पन्नासच्या स्पिंडलमध्ये बिनछापाच्या ब्लँक आणायचो. लग्नाच्या मोसमात महिन्याला दोन-तीनशे लागत आणि एका डिस्कमागे दोन रुपये वाचले तरी बरे वाटे. ते दोन रुपये मला गुहागरच्या त्या घरात नेऊन बसवून गेले. ब्लँकच्या वेष्टनावरचे नाव आणि ती जिथे तयार झाली तो कारखाना, या दोन वेगळ्या गोष्टी असतात. कारखान्याची खूण डिस्कच्या आत, सुरुवातीच्या भागात नोंदलेली असते. रायटर ती खूण वाचतो आणि आपल्या फर्मवेअरमध्ये त्या डिस्कसाठी लेसर किती आणि कसा द्यायचा याची नोंद शोधतो. नोंद सापडली तर काम चोख होते. सापडली नाही तर तो अंदाजाने चालतो. म्हणून एकाच कंपनीची डिस्क एका रायटरवर उत्तम आणि दुसऱ्यावर सुमार निघते. नवीन स्पिंडल आणली की इमगबर्नसारख्या मोफत प्रोग्रामने ती खूण वाचून वहीत लिहून ठेवायची सवय मी स्वतःला लावली. त्या वहीने मला जितके शिकवले तितके कुठल्या माहितीपत्रकाने शिकवले नाही.

जपानच्या तायो युडेनच्या डिस्क हाताळलेली माणसे आजही त्यांची आठवण काढतात. एकदाच लिहिता येणारी सीडी बाजारात आणणाऱ्यांत ही कंपनी अग्रणी होती, आणि तिने २०१५ अखेर हा व्यवसाय बंद केला. मित्सुबिशीच्या व्हर्बॅटिम डिस्कवरच्या निळसर 'अझो' थराचाही असाच लौकिक होता. पुढे ते नाव तैवानच्या कंपनीकडे गेले. आपल्याकडे नोएडाजवळच्या मोझर बेअरने एके काळी घरोघरी डिस्क पोहोचवल्या, सिनेमाच्या डीव्हीडी चाळीस रुपयांच्या आत विकल्या, आणि २०१८ मध्ये ती कंपनी अवसायनात निघाली. सांगायचा मुद्दा असा की चांगली ब्लँक मिळणे दरवर्षी अवघड होत चालले आहे. हाताशी चांगला साठा असेल तर तो अंधारात, थंड जागी ठेवा आणि वाया घालवू नका.

आता 'आर' कोणती? डीव्हीडी-आर पायोनिअरने १९९७ मध्ये आणली, डीव्हीडी प्लस आर २००२ मध्ये प्रतिस्पर्धी गटाने. दोन्ही ४.७ जीबीच्या, दोन्ही चांगल्या. जुने प्लेअर साधारणपणे डीव्हीडी-आर आधी ओळखतात, कारण ती त्यांच्या जन्माच्या वेळी होती. प्लस आरचा एक मोठा गुण आहे. ज्या रायटरला जमते तो राइट करताना तिच्यावर 'मी साच्यातून निघालेली डीव्हीडी आहे' अशी नोंद करू शकतो. याला बुकटाइप बदलणे म्हणतात. अशी नोंद केलेली प्लस आर मी वीस वर्षांच्या प्लेअरवर चालताना पाहिली आहे. रायटर ही सोय देत असेल तर प्लस आर, नसेल तर डीव्हीडी-आर, हा माझा नियम. पुन्हा पुन्हा लिहिता येणारी आरडब्ल्यू मात्र कोणाला देऊ नका. तिच्यावरून लेसरचा जेमतेम १८ ते ३० टक्के प्रकाश परततो, चांगल्या एकपदरी डिस्कवरून ४५ टक्क्यांच्या वर. थकलेल्या लेन्सला हा फरक झेपत नाही. दोन पदरांची ८.५ जीबीची डिस्कही टाळा. लांब कार्यक्रम असेल तर दोन साध्या डिस्क द्या. मध्ये एकदा उठून डिस्क बदलायला कोणाचीच हरकत नसते, अडकण्याला असते.

वेगाबद्दल दोन टोकाचे समज आहेत. घाईतला माणूस १६ एक्सवर राइट करतो आणि पाच-सहा मिनिटांत मोकळा होतो. सावध माणूस १ एक्सवर करतो आणि तासभर थांबतो. दुसऱ्याचीही चूकच होते. आजच्या ब्लँकचे रंगद्रव्य वेगाने लिहिण्यासाठी घडवलेले असते. फार हळू लिहिले तर लेसर एका जागी जास्त रेंगाळतो आणि डाग फुगतो. १६ एक्सच्या ब्लँकवर ८ एक्स, ८ एक्सच्या ब्लँकवर ४ एक्स. छापील वेगाच्या निम्मा, एवढे लक्षात ठेवले की पुरे. आणि राइट चालू असताना त्या संगणकावर एडिटिंगचे रेंडर लावू नका. माहितीचा ओघ मध्ये तुटला तरी आजचे रायटर सांभाळून घेतात, पण प्रत्येक खंडाशी एक सांधा राहतो.

आता काठोकाठ भरण्याचा मोह. ४.७ जीबी म्हणजे ४७० कोटी बाइट. संगणक आपल्या हिशेबाने त्याला ४.३७ म्हणतो. नवखे लोक तिथेच गोंधळतात आणि अनुभवी लोक ४.३७ पैकी ४.३६ भरून खूश होतात. मीही व्हायचो. रेघ आतून बाहेर जाते, म्हणजे कार्यक्रमाचा शेवट नेहमी कडेला असतो. थर असमान पडतो तो कडेला, दोन चकत्यांमधला गोंद कमी पडतो तो कडेला, चकती डगमगते ती कडेला, आपली बोटे लागतात तीही कडेलाच. पाठवणी कायम तिथे जाऊन बसते. म्हणून मी ४७० ऐवजी ४२० कोटी बाइटांवर थांबतो. एवढ्याने बाहेरची सुमारे अडीच मिलिमीटरची पट्टी कोरी राहते, आणि परत येणाऱ्या डिस्क कमी करण्यात या अडीच मिलिमीटरचा वाटा मला सगळ्यात मोठा वाटतो. उलट कार्यक्रम अगदी छोटा असेल, पाच मिनिटांचा सत्कार असेल, तर किमान १ जीबी भरेल असे राइट करा. फार कमी लिहिलेली डिस्क काही प्लेअर उचलत नाहीत.

बिटरेटचा विषय पुस्तिकेत दोन प्रकरणे व्यापतो, इथे फक्त अक्षतांचे सांगतो. डीव्हीडीचे चित्र एमपेग-२ पद्धतीने दाबलेले असते. ही पद्धत एका चौकटीतून दुसऱ्या चौकटीत काय बदलले, तेवढेच प्रामुख्याने नोंदवते. भटजी बसून मंत्र म्हणत असतात तेव्हा बदलते फार थोडे. अक्षतांच्या वेळी शेकडो दाणे हवेत असतात, प्रत्येक दाणा वेगळ्या दिशेने, त्यात फोटोग्राफरचे फ्लॅश, त्यात झगमगती झालर. सगळी चौकट बदलते. बिटरेट बदलता ठेवला असेल तर तो या क्षणी उसळून मर्यादेला जाऊन भिडतो. मानकात चित्रासाठी कमाल मर्यादा सेकंदाला ९.८ मेगाबिट आहे, पण ती साच्यातून काढलेल्या डिस्कचा विचार करून बघावी. राइट केलेल्या डिस्कवर चुका दुरुस्त करता करता इतक्या वेगाने माहिती पुरवणे जुन्या प्लेअरला जमत नाही, आणि चौकोन उमटतात. कमाल मर्यादा ८ वर बांधा, आवाजासकट. आवाज बिनदाबाचा पीसीएम ठेवला तर तो एकटा दीड मेगाबिट खातो. एसी-३ मध्ये १९२ किंवा २२४ किलोबिटात तोच आवाज कानाला तितकाच चांगला वाटतो. गणपती विसर्जनातला गुलाल, पालखीतली फुले, शिमग्याची होळी, हे सगळे अक्षतांचेच भाऊबंद आहेत. मिक्सिंग करतानाच त्या जागा ओळखून ठेवा आणि डिस्क तपासताना आधी तिथे जा.

एका डिस्कवर किती वेळ बसवायचा? दीड तास. दोन तास बसतात, पण चित्र मऊ होते. जुन्या व्हीएचएस कॅसेटवरून उतरवत असाल तर गोष्ट वेगळी आहे. कॅसेटवर मुळात तपशीलच कमी असतो, त्यामुळे रुंदी ७२० ऐवजी ३५२ बिंदूंची ठेवली तरी काही गमावत नाही आणि डिस्कवर जास्त वेळ बसतो. ही सोय मानकातच आहे, पण फार थोडे लोक वापरतात. कॅसेटवरची मुंग्यांसारखी हलणारी खरखर मात्र आधी काढा. एमपेग त्या खरखरीलाही हालचालच समजते आणि तिच्यावर बिट उधळते.

फोल्डरची रचना, फाइलींच्या जोड्या, मेनू हे सगळे यथास्थित पुढे आहे. इथे एवढेच की एमपी४ फाइल डिस्कवर नुसती टाकली म्हणजे व्हिडिओ डीव्हीडी होत नाही. 'व्हिडिओ टीएस' फोल्डर, त्यातल्या आयएफओ फाइली आणि त्यांच्या बीयूपी प्रती हव्यात. ही प्रत मूळ फाइलीपासून दूर लिहिली जावी लागते. दोन्ही एकाच ३२ किलोबाइटच्या तुकड्यात सापडल्या तर एक ओरखडा दोघींनाही घेऊन जाईल. चांगले प्रोग्राम याची काळजी घेतात. आणि डिस्क एका बैठकीत लिहून, फायनलाइझ करूनच बाहेर काढायची.

लग्नाच्या शीर्षकात 'चि. सौ. कां.' लिहिताना डावीकडे जागा सोडा. जुन्या काचेच्या टीव्हीत चित्राच्या चारही कडा चौकटीखाली जातात, आणि 'चि.' तिथेच हरवतो. मिनी डीव्ही कॅमेऱ्याचे चित्रण खालच्या फील्डपासून सुरू होते. एन्कोडरला उलट सांगितले तर चालणारी नवरी थरथरत चालते. मराठी सबटायटलची भीती बाळगू नका. डीव्हीडीवरची सबटायटल ही चार रंगांची चित्रे असतात, अक्षरे नसतात, त्यामुळे काना, मात्रा, जोडाक्षर काहीही कुठल्याही प्लेअरवर फुटत नाही. डीव्हीडीने देवनागरीवर केलेला हा उपकार मला फार मोठा वाटतो. नमन-खेळ्यांच्या आणि जाखडीच्या रेकॉर्डिंगला शब्द घालून दिले तेव्हा मुंबईत वाढलेल्या पोरांनी ते पहिल्यांदा समजून ऐकले.

लेक-जावई अमेरिकेत असतील तर वेगळी डिस्क करावी लागते. आपली पद्धत पालची, ५७६ ओळी आणि सेकंदाला २५ चौकटी. तिथली एनटीएससी, ४८० ओळी आणि २९.९७ चौकटी. आपल्याकडचे बहुतेक प्लेअर दोन्ही चालवतात, तिथले बरेच फक्त त्यांचीच. न्यू जर्सीला गेलेली डिस्क "चालत नाही" म्हणून फोन येतो, तेव्हा डिस्क चांगली आणि प्लेअरही चांगला असतो. विभागाचे कुलूपही असते, भारताचा क्रमांक ५ आणि अमेरिकेचा १. आपली डिस्क कायम सर्व विभागांसाठी मोकळी ठेवावी.

कागदी लेबलाबद्दल मात्र मी कोणतीही सूट देणार नाही. नवरा-नवरीचा फोटो छापून डिस्कवर चिकटवला की ती देखणी दिसते, गिऱ्हाईक दहा रुपये जास्त देते. ते लेबल अर्धा मिलिमीटर जरी सरकून बसले तरी चकतीचा तोल जातो. प्लेअर तापला की कागद आणि प्लास्टिक वेगवेगळे ताणले जातात आणि चकती वाकते. फोटो हवा असेल तर छापता येणारी पांढरी ब्लँक घ्या आणि इंकजेटवर थेट छापा. नाव लिहायचे तर डिस्कसाठीच्या मऊ पेनाने लिहा, मध्यापाशी, जिथे माहिती नसते तिथे.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले, तेव्हा माझे दुकान पूर्ण पाण्याखाली गेले. २००५ च्या २६ जुलैचा पूर आम्ही पाहिला होता, तरी इतके पाणी येईल असे वाटले नव्हते. तिसऱ्या दिवशी आत शिरलो तेव्हा वीस वर्षांच्या कामावर चिखलाचा थर होता. दोन हार्ड डिस्क पुन्हा बोलल्या नाहीत. कॅसेटच्या आत गाळ गेला होता. डिस्क मी आणि माझ्या पुतण्याने घमेल्यात स्वच्छ पाणी घेऊन एकेक धुतल्या, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, मऊ सुती फडके, मध्यातून कडेकडे पुसायचे, गोल कधीच नाही, आणि ताटाळ्यात उभ्या करून सावलीत वाळवायच्या. चांगल्या ब्लँकवरच्या, बिनलेबलाच्या डीव्हीडी बहुतेक सगळ्या चालल्या. लेबल लावलेल्यांचा कागद फुगला, निम्मा सुटला, निम्मा राहिला आणि चकती प्लेअरमध्ये थडथडू लागली. जुन्या सीडींचे लेबल सुटताना चंदेरी थरही सोबत घेऊन आले, कारण सीडीत तो थर अगदी वर, लाखेच्या पापुद्र्याखाली असतो. डीव्हीडीत तो दोन चकत्यांच्या मध्ये सुरक्षित असतो. आणि २००६-०७ मधल्या त्या बिनछापाच्या ब्लँक कडेकडून पांढुरक्या झाल्या होत्या. पाणी गोंदातून आत गेले होते. त्यांची सुरुवात लागते. शेवट लागत नाही.

पुरानंतर लोक येऊ लागले. घरची प्रत वाहून गेली, दुकानातली आहे का? ज्यांची मिळाली त्यांना मी नवी करून दिली, ज्यांची नाही मिळाली त्यांचे चेहरे अजून डोळ्यांसमोर आहेत. आता मोबाइल आहे, पेन ड्राइव्ह आहे, डीव्हीडी कशाला, असे मला तरुण मुले विचारतात. त्यांना मी हेच सांगतो की पेन ड्राइव्ह पुसला जातो, फोन बदलला जातो, आणि म्हाताऱ्या माणसांना टीव्हीखालचा प्लेअर चालवता येतो. पेन ड्राइव्ह आणि हार्ड डिस्कवर प्रत ठेवाच, पण एक डिस्कही ठेवा. जमल्यास दोन, वेगवेगळ्या कारखान्यांच्या ब्लँकवर, एक आपल्या घरी आणि एक बहिणीच्या घरी, पाणी पोहोचणार नाही इतक्या उंचावर.

ही पुस्तिका अशा कामासाठी आहे: स्वतःच्या घरचे, गावचे, मंडळाचे चित्रण. विकतच्या सिनेमांच्या नकला करण्याबद्दल तिच्यात काही नाही. ती क्रमाने वाचली तर बरे, पण तपासणीचे शेवटचे प्रकरण आधी वाचले तरी चालेल. राइट झालेली डिस्क 'व्हेरिफाय' करावी, मग निदान तीन ठिकाणी चालवावी: एक जुना प्लेअर, एक स्वस्तातला, एक दुसऱ्याचा संगणक. जुना प्लेअर मी मुद्दाम सांभाळून ठेवला आहे. गुहागरच्या त्या घरचाच तो. त्यांनी नवा घेतला तेव्हा मी मागून आणला. त्याच्यावर जी डिस्क शेवटपर्यंत चालते, तीच दुकानाबाहेर जाते.

वाचकांना एकच विनंती. पहिले प्रकरण उघडण्याआधी घरातले कपाट उघडा. सगळ्यात जुनी डिस्क काढा आणि सुरुवात न बघता तिचा शेवटचा चॅप्टर लावून बघा. अडकली, तर ती आजच दोन-तीन वेगवेगळ्या ड्राइव्हमध्ये घालून संगणकावर उतरवून घ्यायचा प्रयत्न करा. एका ड्राइव्हला न वाचता आलेली डिस्क दुसऱ्याला पुष्कळदा वाचता येते.